आधी जखम पाहा, मग चूक

तीन वर्षांपूर्वीच्या आषाढातली गोष्ट. मुळशीच्या पट्ट्यात भाताची लावणी ऐन भरात होती, त्यामुळे दवाखान्यात गर्दी बेताचीच. सकाळी नऊच्या सुमारास खोऱ्यातील एका वाडीवरून एक बाई आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. बरोबर मुलाची आजी आणि चुलता. रात्रीपासून मुलाला दोनदा उलटी झाली होती आणि पोटात दुखत होते. आदल्या दिवशी शेजारी पूजेचे जेवण झाले होते. "त्यातलंच काहीतरी बाधलं असंल," असे आजीचे मत. मीही तसेच धरून चाललो होतो. पोट तपासायला सदरा वर केला, तर बरगड्यांच्या खाली, बेंबीच्या वरच्या अंगाला रुपयाच्या नाण्याएवढा गोल, निळसर वण दिसला.

"हे काय रे?"

"काय न्हाय. दगडाला ठेचकाळून पडलो."

"सायकलवरून पडलास का?"

मुलगा गप्प. तेवढ्यात चुलत्याने आवाज चढवला, "सायकलला हात लावायचा न्हाय म्हणून सांगितलं होतं ना तुला?" आणि कबूल करायला लाज वाटते, पण माझ्याही तोंडून निघून गेले, "पावसापाण्याचा सायकल घेऊन कशाला गेला होतास?" मुलाने मान भिंतीकडे फिरवली. त्यानंतर पाच मिनिटे 'ठेचकाळलो' यापलीकडे एक शब्द त्याने काढला नाही.

मग मी आईखेरीज सर्वांना बाहेर बसवले. मुलाला म्हटले, "सायकल मोडली असली तरी हरकत नाही. तुला कुणी काही बोलणार नाही, ते माझ्याकडे लागलं. कुठं आणि कसं लागलं, एवढंच सांग." तेव्हा सगळे बाहेर आले. आदल्या दिवशी संध्याकाळी तो मोठ्या बहिणीची सायकल घेऊन वाडीखालच्या उतारावर गेला होता. वळणावर समोरून टेम्पो आला. याने सायकल कडेला घेतली, कडेला खडी पडलेली, चाक घसरले, हँडल आडवे फिरले आणि त्याचे टोक पोटात बसले. पठ्ठ्याने उठून सायकलचा चिखल पुसला, ती होती तिथे नेऊन लावली आणि न जेवता अंथरुणावर पडला. बाप कंपनीतून आल्यावर मारील या भीतीने त्याने सोळा तास पोटातली कळ दाबून धरली होती.

मी त्याला तातडीने पुण्याला पाठवले. तपासणीत स्वादुपिंडाला इजा झाल्याचे निघाले. सुदैवाने शस्त्रक्रिया करावी लागली नाही. सलाईन, उपाशी ठेवणे आणि नजरेखाली ठेवणे यावर तो सावरला, पण त्याला तीन आठवडे लागले. आणखी एक दिवस त्याने हे लपवले असते तर काय झाले असते, हा विचार आजही माझ्या मनातून जात नाही.

नाण्याएवढा वण

सायकल असलेल्या प्रत्येक घरात हे ठाऊक असले पाहिजे, म्हणून आधी वैद्यकाचे दोन शब्द. लहान मूल सायकलवरून पडताना पुष्कळदा हँडल काटकोनात फिरते आणि त्याचे टोक पोटात घुसते. वेग फार लागत नाही. मुलांच्या पोटाची भिंत पातळ असते. तिच्यामागे स्वादुपिंड आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग पाठीच्या कण्याला टेकून असतात. बाहेरून टोक आणि आतून कणा, यांच्यामध्ये हे अवयव चेमटतात. यकृताला व प्लीहेलाही मार बसू शकतो. बाहेर दिसतो तो एवढासा वण. पोटदुखी, उलटी, ताप, पोट फुगणे ही लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतात. तोपर्यंत पडल्याची गोष्ट जुनी झालेली असते आणि दोष वडापाववर नाहीतर पूजेच्या जेवणावर जातो.

म्हणून मूल सायकलवरून पडले आणि पोटावर असा वण दिसला, तर ते खेळत असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पोट दुखत असेल तर खायला-प्यायला देऊ नका आणि दुखणे थांबवणारी गोळी देऊन वाट पाहत बसू नका. हँडलच्या मुठीचे रबर झिजून नळीचे उघडे टोक दिसू लागले असेल, तर आजच नवे बसवून घ्या. थोडक्या पैशांचे काम आहे.

पण आजचा विषय हँडल नव्हे. त्या मुलाच्या पोटातील इजा सोळा तास लपली ती 'चूक कुणाची?' या प्रश्नाच्या भीतीने, आणि तो प्रश्न विचारणाऱ्यांत मीही होतो. त्या दिवसापासून मी या प्रश्नाकडे दुखण्याचे एक कारण म्हणूनच पाहू लागलो आहे.

प्रश्न खरा, वेळ चुकीची

चूक कुणाची हे विचारूच नये, असे माझे म्हणणे नाही. तसे म्हणणे साळसूदपणाचे होईल. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला, वळणावर खडीचा ढीग टाकून महिनोन्महिने तो न उचलणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या वेळी हा प्रश्न विचारू नये त्या वेळी आपण तो दहा तोंडांनी विचारतो; आणि ज्या वेळी विचारायला हवा, जिथे विचारायला हवा, तिथे कुणीच तो विचारत नाही. रस्त्यावर आणि खाटेपाशी गलका, ग्रामसभेत मात्र शांतता.

आमच्या पौड रस्त्यावरचे दृश्य वाचकांनी पाहिले असेल. सायकलवाला पडलेला, भोवती वीस माणसे, आणि त्यांतली पंधरा गाडीवाल्याच्या गचांडीला लागलेली. 'मोठ्या गाडीचीच चूक' हा एक ठरलेला निकाल. दुसरा तितकाच ठरलेला निकाल गाडीत बसलेल्यांचा, 'सायकलवाला एकदम मध्येच आला.' दोन्ही निकाल पुरावा न पाहता लागतात. 'आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं' हा न्याय. तिसरा कुणीतरी शहाणा 'टाळी एका हातानं वाजत नाही' म्हणतो. कधीकधी ती एका हातानेही वाजते. उभ्या सायकलला मागून ठोकर बसते तेव्हा सायकलवाल्याने कुठला हात पुढे केलेला असतो?

या गलक्याची किंमत जखमी माणूस मोजतो. मार बसेल या भीतीने चालक पळून जातो आणि त्याच्याबरोबर जखमीला न्यायला हाताशी असलेली एकमेव गाडीही जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोचवण्याची व्यवस्था करणे हे त्या चालकाचेच कर्तव्य आहे. मात्र जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर कायदा त्याला सूट देतो. म्हणजे आपण हात उगारतो तेव्हा त्याच्या कर्तव्यातून त्याला आपणच मोकळे करतो!

त्याच कलमात आम्हा डॉक्टरांनाही बजावले आहे की, कागदपत्रांची वाट न पाहता जखमीवर ताबडतोब उपचार करा. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा यांच्या याचिकेवर हेच सांगितले. एका स्कूटरस्वाराला मोटारीने ठोकरले होते. पहिल्या रुग्णालयाने 'पोलीस केस आहे, दुसरीकडे न्या' असे सांगून परत पाठवले आणि वाटेत त्याचा प्राण गेला. अशी बातमी वर्तमानपत्रात आली, त्यावरून हे प्रकरण न्यायालयापुढे गेले. जखमी निर्दोष असो वा गुन्हेगार, आधी त्याचा जीव वाचवायचा, असा त्या निकालाचा अर्थ. आता मदत करणाऱ्यालाही संरक्षण आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४-अ आणि २०२० च्या नियमांनुसार जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्यावर त्याचे नाव-गाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. तेव्हा 'पोलिसांचं लफडं नको' म्हणून पाठ फिरवण्याचे कारण उरलेले नाही.

जखमीची जबानी घाईने घेऊ नका

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. डोक्याला मार बसलेल्या माणसाला अपघात आणि त्याच्या आधीची काही मिनिटे, कधी काही तासही आठवत नाहीत. त्या आठवणी मेंदूत पक्क्या होण्याआधीच मार बसलेला असतो. असा माणूस 'मला आठवत नाही' म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण नातेवाईक भोवती बसून पुन्हा पुन्हा विचारतात, 'लाईट दिसला नाही का? हॉर्न ऐकू आला नाही का?' आणि तो बिचारा इतरांच्या बोलण्यातून तुकडे जुळवून एक गोष्ट तयार करतो. उद्या ती पोलिसांच्या कागदावर जाते, परवा न्यायालयात खोटी ठरते, आणि त्याचा खरा दावाही कमजोर होतो.

त्याऐवजी पहिले चोवीस तास डोळे उघडे ठेवा. पुन्हा पुन्हा उलटी होणे, गुंगी वाढत जाणे, डोकेदुखी वाढणे, झटका येणे, हातापायातली शक्ती कमी होणे, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव येणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. रस्त्यावर पडलेल्याला खांदे आणि पाय धरून दोघांनी लोंबकळत उचलू नका. मान आणि पाठ एका रेषेत राहील असे तीन-चार जणांनी मिळून उचला. नाकाशी कांदा धरण्याने काही साधत नाही. १०८ वर फोन करा. रस्त्यावर खरचटलेल्या जखमेसाठी धनुर्वाताच्या इंजेक्शनची विचारणा करायला विसरू नका.

शर्यतीतला एक धडा

जानेवारी २०२६ मध्ये आपल्या जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. पहिल्या टप्प्यात मुळशी तालुक्यातल्या अरुंद रस्त्यावर अनेक सायकलपटू एकमेकांवर आदळून पडले. शर्यत काही वेळ थांबवून पुन्हा सुरू करण्यात आली. त्या संध्याकाळी चहाच्या टपऱ्यांवर एकच चर्चा, चूक कुणाची? कुणी म्हणे रस्ता अरुंद, कुणी म्हणे पहिला पडला त्याची, कुणी म्हणे आयोजकांची.

मला त्यात एक वेगळी गोष्ट दिसली. अशा शर्यतीत शेकडो चाके वीतभर अंतराने धावत असतात. एकाचे चाक दुसऱ्याला लागले की मागचे दहा जण पडणारच. त्यांतला 'दोषी' शोधायचा तर तो पडलेल्यांच्या ढिगात सर्वांत खाली असतो! म्हणून असल्या खेळात क्रम ठरलेला असतो. आधी डॉक्टर, मग शर्यत थांबवायची की नाही याचा निर्णय, आणि रस्ता, वेग, वळण यांची चौकशी सगळ्यांत शेवटी, शांतपणे. आपल्या वाडीच्या उतारावर हाच क्रम का नसावा?

चाळण्या आणि भोके

जेम्स रीझन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या सुमारास अपघातांबद्दल एक कल्पना मांडली. ती आपल्या चाळणीच्या उदाहरणाने सांगतो. एकावर एक सात-आठ चाळण्या ठेवल्या, तर वरून टाकलेला दाणा सहसा कुठेतरी अडकतो. पण सगळ्यांची भोके एका रेषेत आली की तो सरळ खाली पडतो. अपघात असाच घडतो. शेवटच्या चाळणीपाशी उभा असतो तो माणूस आपल्याला दिसतो आणि खापर त्याच्या डोक्यावर फुटते.

त्या मुलाच्या अपघाताच्या चाळण्या मी मागाहून मोजल्या. सायकल बहिणीची, त्याच्या उंचीला मोठी. पाय नीट टेकत नव्हते. ब्रेकची रबरे झिजलेली. आठ महिने कुणी पाहिली नव्हती. मुठीचे रबर गायब. उतारावर साईडपट्टीला उन्हाळ्यातल्या कामाची खडी तशीच पडलेली. वळणावर वाढलेल्या झाडीमुळे समोरचे दिसत नव्हते. टेम्पो वळणावर निम्मा रस्ता ओलांडून आलेला. पाऊस आणि संधिप्रकाश, सायकलला दिवा नाही. आणि मुलगा न विचारता गेलेला. या आठांपैकी एक जरी चाळणी बुजलेली असती, तरी बहुधा तो ओरखड्यावर सुटला असता.

आता यांतली 'मुलगा न विचारता गेला' ही एकच गोष्ट धरून त्याला बडवायचे, तर उरलेल्या सात भोकांतून उद्या दुसऱ्याचे पोर खाली पडणार. विल्यम हॅडन या अमेरिकन डॉक्टरने यासाठी एक सोपा तक्ता दिला आहे. अपघाताच्या आधी, अपघात होताना आणि अपघातानंतर असे तीन भाग करा, आणि प्रत्येकात माणूस, वाहन व रस्ता यांकडे पाहा. त्या तक्त्यात मुलाचे ते सोळा तासही बसतात. अपघातानंतरच्या रकान्यात 'माणूस' म्हणून आम्ही सगळे आहोत, त्याला बोलू न देणारे.

कुणी म्हणेल, मुलाला चार शब्द बोललेच नाहीत तर त्याला अक्कल यायची कशी? बोला, जरूर बोला. पण जखम भरून आल्यावर, चार दिवसांनी, आणि त्याने काय करावे हे सांगण्यासाठी. ज्या घरात पडल्याबद्दल मार मिळतो त्या घरातली मुले पडायची थांबत नाहीत. ती सांगायची थांबतात.

स्वतःला लावलेला दोष

त्या मुलाची आई तीन आठवडे रुग्णालयात त्याच्या उशाशी होती. ती मला नंतर म्हणाली, "डॉक्टरसाहेब, सांजच्याला मीच त्याला साखर आणाया धाडलं हुतं. चालत जा म्हटलं हुतं, पन धाडलं मीच." हे तिने तोपर्यंत कुणालाही सांगितले नव्हते.

अपघातानंतर असा दोष स्वतःला लावून घेणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना 'तुझी काही चूक नाही' असे नुसते सांगून त्यांचे समाधान होत नाही. १९७७ साली जॅनॉफ-बुलमन आणि वॉर्टमन या दोन अमेरिकन अभ्यासक स्त्रियांनी अपघातात पाठीचा कणा दुखावून अपंग झालेल्या २९ जणांच्या मुलाखती घेतल्या. त्यांना आढळले ते चमत्कारिक होते. ज्यांनी दोष दुसऱ्यावर टाकला आणि 'हे टळू शकलं असतं' असे ज्यांना वाटत राहिले, त्यांना नव्या आयुष्याशी जुळवून घेणे अधिक जड गेले. ज्यांनी काही दोष स्वतःकडे घेतला ते तुलनेने बरे सावरले. माणसे थोडी असल्याने यावरून सरसकट नियम करू नये. पण १९७९ मध्ये जॅनॉफ-बुलमन यांनी यातच एक भेद दाखवला, तो मला रोजच्या कामात फार उपयोगी पडतो. 'मी त्या वळणावर ब्रेक लावायला हवा होता' हा कृतीला लावलेला दोष. तो पुढच्या वेळी सुधारता येतो. 'मी आहेच बेपर्वा, मी आहेच वाईट आई' हा स्वभावाला लावलेला दोष. तो माणसाला आतून पोखरतो.

म्हणून त्या आईला मी एवढेच म्हटले, "पावसात अंधार पडताना धाडलं नसतं तर बरं झालं असतं, हे खरं. पुढं धाडू नका. पण यावरून तुम्ही वाईट आई ठरत नाही. सकाळ होताच त्याला माझ्याकडं कुणी आणलं?" ती रडली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली असे आजीने सांगितले.

टेम्पोवाल्यालाही मी याच मापाने मोजतो. त्याची गाडी मुलाला शिवलीसुद्धा नव्हती, हे खरे. तो वळण कापून आला, हेही खरे. पहिले दोन दिवस तो दवाखान्यासमोर येऊन 'माझा संबंध नाही' असे मोठ्याने सांगत होता. तिसऱ्या दिवशी एकटा आला आणि "पोरगं कसं आहे?" एवढेच विचारून गेला. लोकांनी आधीच गुन्हेगार ठरवलेला माणूस माणुसकीनेही पुढे यायला भितो. तो आला, एवढ्यासाठी मला तो आवडला.

खटला आणि गुडघा

आता दुसरे टोक. आमच्या ओळखीचे एक दूधवाले बाबा. पासष्टी उलटलेली. मोटरसायकलने त्यांच्या सायकलला मागून ठोकर दिली आणि गुडघ्याखालचे हाड मोडले. चूक सरळसरळ मोटरसायकलवाल्याची. हाड सांधले, पण बाबा व्यायाम करीनात. कुणीतरी सांगितले होते, "केसचा निकाल लागेपर्यंत काठी सोडू नका, नाहीतर भरपाई कमी मिळेल." न्यायालयात तारखा पुढे जातात, गुडघा मात्र तारखेसाठी थांबत नाही. तो सहा महिन्यांत आखडला. अपंगत्वाचे प्रमाण डॉक्टर तपासणी करून, फोटो काढून ठरवतात, काठीकडे पाहून नव्हे. आणि भरपाईत उपचार व व्यायामाचा खर्चही मागता येतो. बाबांना दोष लावण्याचे माझे धाडस नाही. ज्याने त्यांना तो सल्ला दिला, त्याने त्यांचा पाय नेला एवढे मात्र म्हणेन.

जाब विचारायचा तो असा

उपचार सुरू झाले, जीवाचा धोका टळला, की मग 'चूक कुणाची' हा प्रश्न जरूर हाती घ्या. पण योग्य माणसाकडे, आणि कागदावर.

मोटार वाहनाने अपघात झाला असेल तर पोलिसांत नोंद करा, पंचनामा होऊ द्या. सायकल लगेच दुरुस्त करू नका, धुऊ नका. ती पुरावा आहे. जागेचे, खडीचे, वळणाचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. डॉक्टरांचा जखमेचा दाखला व सर्व पावत्या जपा. रस्त्यावरच दोन-चार हजार घेऊन 'तक्रार नाही' अशी सही देऊ नका. पोटातली आणि डोक्यातली इजा उशिरा दिसते हे वर सांगितलेच आहे.

सायकलस्वाराला किंवा त्याच्या वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. कायद्यात यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा दिरंगाई करू नका. १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या कलम १६४ प्रमाणे मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये, चालकाची चूक सिद्ध न करताही मागता येतात. ठोकर देऊन वाहन पळून गेले आणि त्याचा पत्ताच लागला नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूला २ लाख व गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. मे २०२५ पासून मोटार अपघातातील जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतच्या रोकडरहित उपचारांची योजनाही लागू झाली आहे. कायदेमंडळालाही एवढे पटले आहे की, चुकीचा निवाडा होईपर्यंत जखमीला ताटकळत ठेवू नये.

'तुम्ही हेल्मेट घातले नव्हते, दिवा नव्हता, मग तुमचीच चूक' असे कुणी म्हणाले तर तेही शांतपणे तपासा. नियम मोडला आणि त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली, या दोन गोष्टींमध्ये धागा दाखवावा लागतो. २०२० साली मोटरसायकलवर तिघे बसल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले. नुसते तिघे बसले म्हणून दोष चिकटत नाही. जखमीची काही अंशी चूक ठरली, तरी भरपाई त्या प्रमाणात कमी होते. तिच्यावरचा हक्क जात नाही. यातून दिवा लावू नका असा अर्थ मात्र कुणी काढू नये. दिवा न्यायालयासाठी लावायचा नसतो, समोरच्या चालकाला दिसण्यासाठी लावायचा असतो.

ठोकरणारा अठरा वर्षांखालचा असेल, तर २०१९ पासून पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. पोराच्या हाती गाडीची किल्ली देऊन कौतुकाने पाहणाऱ्या बापांनी ही ओळ दोनदा वाचावी. सायकलनेच पायी जाणाऱ्या म्हातारीला पाडले, तर मात्र मागे कुठलाही वाहनविमा नसतो. तिथे उपचाराचा खर्च आपण होऊन उचलणे आणि खाली मान घालून दोन वेळा विचारपूस करून येणे, हाच खरा मार्ग.

आणि रस्त्याचा दोष असेल तर तो कट्ट्यावर बोलून विरतो. ग्रामपंचायतीला आणि रस्ता ज्यांच्याकडे आहे त्या खात्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वळण, खडी, झाडी, सगळे त्यात लिहा. अर्जात कुणाला शिवी देण्याची गरज नाही. तारीख आणि फोटो पुरतो.

त्या वाडीत असा अर्ज झाला. लिहिला मुलाच्या बापाने, आणि त्यावर दुसरी सही होती टेम्पोवाल्याची. खडी उचलायला चार महिने आणि तीन खेपा लागल्या. झाडी गावकऱ्यांनीच तोडली. वळणावर आरसा बसवण्याचे अजून राहिले आहे, त्याची आठवण या लेखाच्या निमित्ताने संबंधितांना करून देतो.

मुलगा आता नववीत जाईल. मागच्या महिन्यात तो दवाखान्यात आला, कोपर सोलपटलेले. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "सायकलवरून पडलो. ब्रेक उशिरा दाबला. पोटाला लागलं न्हाय, डोक्यालाबी न्हाय." मी जखम धुतली, पट्टी बांधली. पैसे द्यायला बाप बाहेर उभा होता; त्याने मुलाला एकच विचारले, "लई झोंबतंय का?"